निचऱ्याची चारी

पाटातला गाळ काढायचा दिवस ठरला की पाटकरी आदल्या संध्याकाळी घरोघर फिरायचा. दारात उभा राहून एकच वाक्य बोलायचा, "उद्या उजाडायला बंधाऱ्यावर, फावडं घेऊन." आत कोण आजारी आहे, कुणाची म्हैस व्यायला झाली आहे, हे तो ऐकून घ्यायचा नाही. ऐकून घेतलं की माणूस मऊ पडतो, आणि मऊ पाटकरी कुणाला चालत नाही, असं त्याचं मत होतं.

या वर्षी त्याला फारसं फिरावंही लागलं नाही. गोदामं बांधणारी कंपनी आली होती. तिची पांढरी गाडी रस्त्याकडेच्या शेतांजवळ घुटमळायची, आतून काळा चष्मा लावलेला माणूस उतरायचा आणि बांधावर उभा राहून हाताने हवेत चौकोन काढायचा. ते चौकोन बघून गाव एक झालं. शाळेच्या पटांगणात सभा झाली. निवृत्त मास्तर पाणी समितीचे प्रमुख होते. ते म्हणाले, "या पाटाखालची जमीन शेतीचीच राहील. विकणार नाही, विकू देणार नाही. ज्यांना मान्य असेल त्यांनी हात वर करा." सगळे हात वर गेले. पाटकऱ्याने दोन्ही हात वर केले तेव्हा मागून कुणीतरी ओरडलं, "अरे, तुला पकडायला पोलीस आलेत का?" आणि सभा हसतच संपली.

गाळ काढायला म्हणून झाडून सगळे आले. कंबरभर पाटात उतरून माणसं ओळीने उभी राहिली. काळा, कुजका वास मारणारा गाळ फावड्याने काठावर फेकत ओळ पुढे सरकू लागली. पाटकऱ्याचे चुलत पुतणे, जावई, भाचे, सगळे त्या ओळीत होते. ओळीच्या शेवटाला त्याची थोरली वहिनी होती.

थोरला भाऊ जाऊन बरीच वर्षं झाली होती. वहिनीचा मुलगा शहरात एका कारखान्याच्या खानावळीत कामाला होता, त्याला सुट्टी मिळाली नव्हती. म्हणून ती स्वतःच आली होती, नवऱ्याचं जुनं फावडं घेऊन. त्याचा दांडा तिच्या मानाने लांब होता. पदर कमरेला खोचून, साडी गुडघ्यापर्यंत वर घेऊन ती गाळ उपसत होती.

"वहिनी, दांडा धरताय की दांड्याला लटकताय?" रेडिओने विचारलं. या माणसाला गावाने हे नाव दिलं होतं, कारण तो सकाळी सुरू व्हायचा तो झोपल्यावरच बंद पडायचा.

"तुमचं तोंड चाललंय तेवढा तुमचा हात चालला असता, तर आपण दुपारीच घरी गेलो असतो," वहिनी म्हणाली. ओळ हसली. रेडिओसुद्धा हसला.

पाट तिच्या शेतापाशी संपायचा. तिचं शेत सगळ्यात खाली, रस्त्याला लागून. ओळ तिथे पोचली, माणसांनी फावडी धुतली, बिड्या पेटवल्या. पण वहिनी थांबली नाही. तिच्या शेताच्या कडेने एक अरुंद चारी रस्त्याखालच्या मोरीतून ओढ्याकडे जायची. वरच्या सगळ्या शेतांतलं जास्तीचं पाणी झिरपत, वाहत खाली यायचं आणि या चारीतून निघून जायचं. निचऱ्याची चारी. ती साफ करणं हे कुणाच्या वाट्याला धरलेलं नव्हतं. ती तिच्या शेतातून जाते म्हणून तिने काढायची, असं आपोआप झालं होतं. उन्हं कलेपर्यंत ती एकटीच तिथे खणत राहिली. पाटकऱ्याने ते पाहिलं. काठावर बसून, पाय सोडून, पाहिलं.

संध्याकाळी देवळाच्या ओट्यावर समिती बसली. हात मोजायचे होते. नियम जुना होता: घरटी एक पुरुष. पुरुष नसेल तर दोन बायका, कारण बाईचा हात अर्धा धरायचा. पूर्ण हात देणाऱ्या घराला पाण्याची पूर्ण पाळी, अर्धा देणाऱ्याला अर्धी. हा नियम कुणी केला ते कुणाला आठवत नव्हतं आणि तो मोडावा असंही कुणाला कधी वाटलं नव्हतं.

मास्तरांनी वहिनीचं नाव आल्यावर चष्मा काढून पुसला. "बाई दिवसभर होत्या. निचऱ्याची चारीही त्यांनीच काढली. काय करायचं?"

सगळ्यांनी पाटकऱ्याकडे पाहिलं. गेल्या उन्हाळ्यात रेडिओ चहाच्या टपरीवर बोलून गेला होता, की दिराच्या राज्यात वहिनीकडे पाणी जरा लवकर पोचतं. पाटकऱ्याला ते अजून डाचत होतं. सबंध आयुष्यात त्याने कुणाचं पाणी इकडचं तिकडे केलं नव्हतं. तेवढीच त्याची कमाई होती.

एक शब्द बोलला असता तर पूर्ण पाळी झाली असती. मास्तर त्या शब्दाचीच वाट बघत होते.

"नियम तो नियम," पाटकरी म्हणाला. "माझ्या घरची म्हणून सूट नको. अर्धी धरा."

"याला म्हणतात पाटकरी!" रेडिओने त्याच्या पाठीवर थाप मारली. पाटकरी घरी गेला तो छाती थोडी पुढे काढूनच.

*

वहिनीने कांदा लावला होता. ऊन तापायला लागलं तशी जमीन दुसऱ्याच दिवशी पाणी मागायची.

तिच्या पाळीला पाटकरी स्वतः दारं धरायला गेला. पाटाचं तोंड मोकळं केलं, पाणी तिच्या सऱ्यांत शिरलं. वहिनी अनवाणी चिखलात उभी राहून एक सरी भरली की मातीने तिचं तोंड बुजवत होती आणि पुढची उघडत होती. वाकून, उठून, वाकून. अर्धं शेत भिजलं तेव्हा पाटकऱ्याने खिशातला मोबाईल काढून वेळ बघितली आणि फावडं उचललं.

"भाऊजी, थोडं थांबा. निदान ही ओळ तरी भरू दे."

"वेळ झाली, वहिनी."

"पाणी सरीच्या मध्यावर आलंय. असं अर्ध्यात तोडलं तर तेही जिरून जाईल. ना मला, ना कुणाला."

तिचं म्हणणं खरं होतं. पाण्यात आयुष्य गेलेल्या माणसाला ते कळायला सांगायची गरज नव्हती. पण वरच्या बांधावर पुढच्या पाळीचा मालक येऊन उभा होता, आणि त्याने हे सगळं बघितलं होतं.

पाटकऱ्याने मातीची दोन ढेकळं टाकून तोंड बंद केलं. वर पायाने दाबलं. सरीतलं पाणी थोडं पुढे सरकलं, थबकलं आणि वहिनीच्या डोळ्यांदेखत जमिनीत गेलं.

ती घरी गेली, घागर घेऊन आली आणि विहिरीवरून पाणी आणून उरलेल्या सऱ्यांना घालू लागली. कांद्याला घागरीने पाणी! रस्त्याने जाणारी माणसं बघून जात होती.

दुसऱ्या दिवशी पाटकऱ्याच्या बायकोच्या डोक्यावरही घागर दिसली. जावा जावा एकामागे एक चालल्या होत्या.

"लोक काय म्हणतील?" तो घरी आल्यावर म्हणाला.

"म्हणतील, पाटकऱ्याची बायको डोक्यावर पाणी वाहते," बायकोने घागर खाली ठेवून मान दोन्ही हातांनी चोळली. "खरंच आहे की."

"मी नियम मोडायला हवा होता का?"

"मी कुठे तसं म्हटलं? तुम्ही जेवा." तिने ताट वाढलं आणि पाठ करून भांडी घासायला बसली. त्या दिवशी ती भांडी जरा जास्तच वाजली.

खालच्या अर्ध्या शेताचा कांदा पोसला नाही. पाती पिवळ्या पडून आडव्या झाल्या. आणि एका सकाळी पांढरी गाडी वहिनीच्या बांधाला लागलेली दिसली. या वेळी काळ्या चष्म्याचा माणूस हवेत चौकोन काढत नव्हता. तो वहिनीने दिलेल्या बाजेवर बसला होता.

बातमी रेडिओने पसरवायच्या आधीच पसरली. समिती धावत तिच्या अंगणात गेली. मास्तर म्हणाले, "बाई, तुमचं शेत रस्त्याला लागून आहे. ते गेलं की कंपनीला आत शिरायला वाट मिळेल. मग बाकीचं राहणार नाही. पाण्याचा त्रास असेल तर बोला. पुढच्या पाळीपासून पूर्ण देऊ. मागची भरपाई म्हणून दोन पाळ्या जास्त."

वहिनी धान्य निवडत होती. तिने सूप बाजूला ठेवलं.

"हे त्या दिवशी ओट्यावर का नाही सुचलं, मास्तर?"

मास्तर चष्मा पुसायला लागले.

"पोरगा दोन वर्षं मागे लागलाय, आई विक, आई विक. कंपनीची माणसं तीनदा येऊन गेली. मी सगळ्यांना नाही म्हटलं. सभेत हातही वर केला होता. तो अर्धा धरलात की पूर्ण, ते मला माहीत नाही." मग ती पाटकऱ्याकडे वळली. "भाऊजी, मी शब्द देऊन बसले आहे. आता फिरवता येणार नाही. पण एक करा. परवा ते हद्द आखायला येतायत. निचऱ्याची चारी कुठून कशी जाते, किती खोल लागते, ते तुम्ही त्यांना दाखवा. मी त्यांना सांगितलंय, चारी सोडा म्हणून. ते म्हणाले, जाणता माणूस आणा, दाखवेल तिथून पाइप टाकू. माझ्या सांगण्यापेक्षा तुमच्या सांगण्याला वजन आहे."

पाटकऱ्याने आजूबाजूला पाहिलं. सगळं गाव बघत होतं.

"जमीन विकणाऱ्याच्या बांधावर मी पाय ठेवणार नाही," तो म्हणाला, आणि जोडा पायात घालून निघून गेला.

*

आखणीच्या दिवशी सकाळपासून त्याला चैन पडेना. फावड्याचा दांडा घट्टच होता, तरी त्याने तो काढून पुन्हा बसवला. बायको दारात आली.

"जायचं असेल तर जा."

"कोण म्हणालं जायचंय?"

"कुणी नाही. ऊन वाढायच्या आत जा, एवढंच म्हटलं."

तो निघाला. शेतात चक्कर मारायला निघालोय, असं स्वतःला सांगत निघाला. बांधाबांधाने उतरत वहिनीच्या शेताच्या वरच्या बांधावर आला. खाली माणसं सुतळ्या ताणत होती, चुना टाकत होती. वहिनी उन्हात डोक्यावर पदर घेऊन उभी होती. चारी तिच्या मागेच होती. अजून शंभरेक पावलं उतरलं की झालं असतं. त्याच्या डोक्यात सगळं तयारही होतं: कुठे वळण, कुठे उतार, मोरीच्या तोंडाशी किती खोली.

इतक्यात रस्त्यावर रेडिओची सायकल दिसली. रेडिओने पाय टेकून सायकल थांबवली आणि तो आखणीची मजा बघत उभा राहिला.

पाटकरी वळला. आल्या बांधाने परत गेला.

मुरमाचे ट्रक आले तेव्हा गाव आडवं गेलं. तसं गाव कधी कुणी पाहिलं नव्हतं. दुकानदाराने दुकान बंद केलं, शिंप्याने मशीन झाकलं, म्हाताऱ्या माणसांना खुर्च्यांसकट उचलून आणलं. "बायकांना पुढे बसवा," मास्तर ओरडले, "बायका असल्या की पोलीस हात लावत नाहीत!" पाटकऱ्याची बायको, सून, लेकुरवाळ्या पोरी, सगळ्या ट्रकच्या चाकांसमोर बसल्या. वर्तमानपत्राचा वार्ताहर आला. किती लोक असतील, त्याने विचारलं. रेडिओने टाचा उंचावून नजर फिरवली आणि मोठा आकडा सांगितला.

वहिनी रस्त्याच्या पलीकडे झाडाखाली उभी होती. घरातलं सामान भरलेला टेम्पो तिच्या मागे थांबला होता.

"बायका धरून का हो?" तिने तिथूनच विचारलं. "आणि पूर्ण धरल्यात?"

वार्ताहराला काही कळलं नाही. तो हसला. समोर बसलेल्या बायकांतली एकही हसली नाही. पाटकऱ्याची बायको थोडा वेळ बसून राहिली, मग उठली, साडीची धूळ झटकली आणि रस्ता ओलांडून जावेला टेम्पोत चढायला हात द्यायला गेली.

ट्रक त्या दिवशी परत गेले. पुढच्या आठवड्यात पोलिसांबरोबर आले. मुरूम पडला, रोलर फिरला, वहिनीचं शेत माणसाच्या उंचीएवढं वर आलं आणि त्याच्या कडेने भिंत उठली. चारी भिंतीखाली गेली.

*

पावसाळ्यात कुणाला फारसं कळलं नाही. पाणी तर सगळीकडेच होतं. कळलं ते पावसाळा सरल्यावर. वरची शेतं वाळली, पण भिंतीलगतची वाळेनात. पाय ठेवला की टाच बुडायची आणि उचलली की खड्ड्यात पाणी भरून यायचं. गव्हाची मुळं तपकिरी होऊन कुजली. मग पाटाचं पाणी सुरू झालं तशी ओल आणखी वर चढली. ज्या माणसाने मागच्या वर्षी वहिनीनंतरच्या पाळीसाठी बांधावर उभं राहून वाट बघितली होती, तो पाटकऱ्याच्या दारात येऊन हात जोडायला लागला. "माझ्याकडे पाणी सोडू नका. वरच्यालाही सोडू नका. त्याचं झिरपून माझ्याकडेच येतं."

वरचा म्हणाला, "मग मी काय वाळू पेरू?" दोघांची जुंपली. समितीत आधी शिव्या झाल्या, मग फावडी उगारली गेली. पाणी यावं म्हणून गाव पिढ्यान्पिढ्या राबलं होतं. ते जातं कुठून, याकडे एका बाईखेरीज कुणी पाहिलं नव्हतं. भिंतीलगतच्या मालकाकडे पांढरी गाडी जाऊ लागली. त्याला आता कुणी काही बोलत नव्हतं.

शेवटी पाटकरी शहरात गेला. वहिनी मुलाच्या खोलीत राहत होती. एक खोली, एक खिडकी, खिडकीखाली नळ. तिने त्याला पाणी दिलं, बसायला सतरंजी टाकली.

"वहिनी, भिंतीखालून पाइप टाकायला हवा. आम्ही गेलो तर आत घेत नाहीत, भांडायला आलेत म्हणतात. तुम्ही त्यांना जमीन दिलीत. तुमचं ऐकतील." हे सगळं तो सतरंजीच्या दोऱ्यांकडे बघत बोलला.

ती म्हणेल ते ऐकायची त्याची तयारी होती. येताना एसटीत त्याने तिची बोलणी मनातल्या मनात ऐकूनही घेतली होती.

वहिनीने गॅस बंद केला, चपला पायात सरकवल्या. "चला," ती म्हणाली.

कंपनीच्या फाटकापाशी चौकीदाराने त्यांना उन्हातच उभं केलं. ट्रक आत जात होते, बाहेर येत होते. प्रत्येक वेळी दोघं भिंतीला चिकटून उभी राहत. बऱ्याच वेळाने एक तरुण साहेब बाहेर आला. वहिनीला बघून त्याने आदराने मान लववली.

"बाई, आता नाही हो होणार. वर काँक्रीट झालंय, पाया भरलाय. फोडायचं म्हटलं तर अर्धं गोदाम फोडावं लागेल." तो पाटकऱ्याकडे वळला. "आणि काका, आम्ही तयार होतो. पाइप आणून ठेवले होते. यांनी आमची माणसं दुपारपर्यंत थांबवून धरली. पाटकरी येतील, येतील म्हणत होत्या. शेवटी मजुरांचा खाडा होतोय म्हणून आम्ही चारीवरूनच चुना टाकून मोकळे झालो. कोण होता तो पाटकरी कोण जाणे."

पाटकऱ्याने तोंड उघडलं.

"होता एक," वहिनी म्हणाली. "आजारी पडला होता."

साहेब आत गेला. पुन्हा एक ट्रक आला, पुन्हा दोघं भिंतीला चिकटली. धूळ खाली बसली.

"वहिनी, त्या दिवशी मी..."

"दिसला होतात मला." ती पदराने तोंडावरची धूळ पुसत होती. आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं, असं त्याला वाटलं. "वरच्या बांधावर. मी त्यांना हात करून दाखवलंसुद्धा, म्हटलं, ते बघा, आलेच."

"ए, फाटकासमोर उभं राहू नका," चौकीदार ओरडला. "गाडी वळायची आहे."

दोघं बाजूला झाली.